समोरच्या गाडीचा विमाच नव्हता: भरपाई कोणाकडून आणि कशी वसूल होते

प्रश्न थोडक्यात असा: दुचाकीवरून जाताना मागून आलेल्या कारने उडवले, मांडीचे हाड मोडले, रॉड टाकावा लागला, चार महिने काम बंद. कारचा विमा अपघाताआधीच संपला होता. आरसीवर ज्याचे नाव आहे तो म्हणतो, गाडी मी कधीच विकली. चालवणारा म्हणतो, माझ्याकडे देण्यासारखे काही नाही. पोलिस ठाण्याच्या आवारात लावलेली कार सोडवून नेण्याची खटपट सुरू आहे. भरपाई मिळेल का?

मिळते. पण अशा प्रकरणात निकाल मिळवणे सोपे असते, पैसे हातात पडणे अवघड. विमा असता तर निकालानंतर कंपनीने रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरली असती आणि विषय संपला असता. इथे समोर एक माणूस आहे. तो जमीन भावाच्या नावे करू शकतो, गाडी विकू शकतो, पत्ता बदलू शकतो. म्हणून पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक पाऊल टाकताना एकच विचार हवा: उद्या वसुली कशातून होणार?

त्याआधी मात्र एक खातरजमा. विमा खरोखरच नाही का?

"इन्शुरन्स संपलाय" हे मालकाने सांगितले, पोलिसांनी लिहून घेतले आणि सगळ्यांनी मान्य केले, असे फार वेळा होते. एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून विमा कंपनीचे नाव आणि मुदत स्वतः बघा, आणि शक्य असेल तर मागच्या पॉलिसीची प्रतही मिळवा. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी कार घेताना 3 वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने इतरांचे केलेले नुकसान भरून देणारा) एकदमच घ्यावा लागतो. त्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगळे कालावधी छापलेले असतात: एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, बहुतेकदा 1 वर्षाचा, आणि दुसरा थर्ड पार्टीचा. पहिला संपला की मालकाला वाटते सगळाच विमा संपला. दुसरी तारीख अजून चालू असेल तर तुमची भरपाई कंपनीच देणार.

मालकाने हप्त्याचा चेक दिला आणि तो वटला नाही, ही दुसरी नेहमीची परिस्थिती. अपघाताआधी कंपनीने पॉलिसी रद्द करून तसे मालकाला कळवले असेल तरच ती सुटते. कळवल्याचा पुरावा नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालाप्रमाणे कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि नंतर मालकाकडून वसूल करायचे. चालकाकडे लायसन्स नव्हते, एवढ्यावरूनही कंपनी सहसा जखमीच्या बाबतीत मोकळी होत नाही, तिथेही "द्या आणि वसूल करा" असाच आदेश बहुधा होतो. गाडी विकली पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार थर्ड पार्टीपुरता विमा नव्या मालकाकडे गेला असे धरले जाते. आणि अपघाताच्या दिवशीच पॉलिसी काढलेली दिसली तर तारखेबरोबर वेळही वाचा. दुपारी 3 वाजता सुरू झालेली पॉलिसी सकाळी 11 च्या अपघाताला लागू होत नाही.

एसटी बस किंवा सरकारी वाहनाचा विमा दिसला नाही तर घाबरू नका. कायद्याने त्यांना सूट मिळू शकते आणि भरपाई एसटी महामंडळ किंवा सरकार स्वतः भरते. तिथे वसुलीची ही सगळी धास्ती नसते.

हे सगळे तपासूनही विमा नसेल, तर पहिली हालचाल ठाण्यात लावलेल्या त्या कारसाठी करायची.

या टप्प्यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. कार हे तुमच्या हाताशी असलेले पहिले तारण आहे, आणि ती सुपुर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालयाला हमीपत्र देऊन मालकाच्या ताब्यात, सुटून गेली की गेली. बिनविम्याची अपघातग्रस्त गाडी पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सर्व राज्यांना बजावले, आणि 1 एप्रिल 2022 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ते आले. मालकाने हमी दिली नाही तर तीन महिन्यांनंतर दंडाधिकाऱ्यांनी गाडीचा जाहीर लिलाव करायचा आणि रक्कम 15 दिवसांत न्यायाधिकरणात जमा करायची, अशी ती तरतूद आहे. पण व्यवहारात मालकाचा अर्ज येतो, सरकारी वकील "योग्य तो आदेश व्हावा" एवढेच लिहितात आणि गाडी बाँडवर सुटते, कारण गाडीला विमा नाही आणि कोणी जखमी आहे हे न्यायालयासमोर ठळकपणे मांडणारे कोणीच नसते. ते तुम्ही मांडा. तपास अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जखमी म्हणून म्हणणे दाखल करा. त्यात विमा संपल्याची तारीख, उपचाराचा आतापर्यंतचा खर्च आणि दाव्याची अंदाजे रक्कम लिहा. नुसत्या बाँडऐवजी बँक गॅरंटी, मुदत ठेव किंवा ऐपतदार जामीन मागा. ऐपतीचा दाखला जोडलेला जामीनदार मिळाला तर पुढे वसुलीला आणखी एक माणूस बांधला जातो. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसेल आणि लिलावातून तुमच्या वाट्याला कमी येईल. तरीही आग्रह सोडू नका, कारण गाडी अडकली की मालक बोलायला लागतो.

याच काळात ठाण्यात "आपसात मिटवून टाका" असा सल्ला मिळेल. वीस-तीस हजार रुपये आणि स्टँपपेपरवर "माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही" अशी सही. रॉड काढायचे ऑपरेशन बाकी असताना, अपंगत्व किती राहणार हे ठरायच्या आत अशी सही करू नका. उपचारासाठी पैसे घ्यायचेच असतील तर बँकेतून घ्या आणि पावतीवर "उपचाराच्या खर्चापोटी, अंतिम भरपाईत वळते करण्याच्या अटीवर" असे लिहा.

आता दावा कोणावर लावायचा ते. तिघांवर: चालक, आरसीवरचा मालक आणि गाडी प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात होती तो खरेदीदार. "मी विकली" हा बचाव आरसीवरच्या मालकाला सहसा वाचवत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी नावावर करण्याचे फॉर्म 29 आणि 30 सही करून खरेदीदाराच्या हाती देऊन तो विसरून गेला असेल, तर जबाबदारी त्याचीच, मग गाडी मध्ये तीन हातांतून गेलेली का असेना. बऱ्याचदा हाच वसुलीसाठी सगळ्यात भक्कम माणूस ठरतो: चालकाकडे काही नसते, खरेदीदार गायब असतो, पण आरसीवरच्या मालकाचा पगार असतो, घर असते. गाडी कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर उत्तमच. चालक अल्पवयीन असला तरी दावा मालकावर चालतोच, शिवाय कलम 199अ खाली पालक किंवा मालकावर वेगळा गुन्हाही होतो.

नोटीस बजावण्यासाठी आरसीवरचा पत्ता पुरत नाही, तो दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो. फौजदारी प्रकरणातल्या जामीनपत्राची नक्कल काढा. त्यावर आरोपीचा चालू पत्ता, आधार क्रमांकाची प्रत आणि जामीनदाराचा तपशील असतो. नोटीस नीट बजावली नाही आणि एकतर्फी निकाल झाला, तर वसुली सुरू होताच मालक "मला कळलेच नाही" म्हणून निकाल रद्द करून मागतो आणि तुमची वर्षे वाया जातात.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कलम 166 खाली. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कुठेही लावता येतो. मुदत अपघातापासून 6 महिने. ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली आहे आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. पोलिसांनी 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे सविस्तर अपघात अहवाल पाठवायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तरी स्वतःचा अर्ज वेगळा लावलेला बरा. सोबत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, आरटीओचा गाडी तपासणी अहवाल, दोषारोपपत्र, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि उत्पन्नाचा पुरावा.

एक गैरसमज इथेच काढतो. विमा नसणे हा गुन्हा आहे, कलम 196 खाली पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पण त्यावरून चूक त्याची होती हे सिद्ध होत नाही. कलम 166 खाली निष्काळजीपणा तुम्हालाच दाखवावा लागतो, फक्त फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. मागून धडक, पंचनाम्यातला नकाशा, ब्रेकच्या खुणा आणि एक साक्षीदार एवढ्यावर काम भागते. चूक कोणाची यावर खरोखर घोळ असेल तर कलम 164 चा पर्याय आहे. तिथे चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली: मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. तुमच्यासारख्या मागून धडकेच्या प्रकरणात 166 सोडून तिकडे जाणे म्हणजे नुकसान. जुन्या कलम 140 खाली मिळणारी अंतरिम रक्कम मात्र आता नाही.

रक्कम कशी ठरते, याचे एक उदाहरण. समजा वय 34, स्वतःचा व्यवसाय, महिना 25,000 रुपये उत्पन्न. वर्षाचे 3,00,000. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढ 40 टक्के, म्हणजे 4,20,000. पायाच्या दुखापतीमुळे कामाची क्षमता 20 टक्के कमी झाली असे न्यायाधिकरणाने धरले तर वर्षाचे नुकसान 84,000. हे किती वर्षांनी गुणायचे ते वयावरून ठरते: वय 31 ते 35 साठी गुणक 16. म्हणजे 13,44,000 रुपये. यात उपचाराचा खर्च, चार महिन्यांचे बुडालेले उत्पन्न, वेदना, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, ये-जा आणि सोबत राहणाऱ्याचा खर्च वेगळा मिळवायचा, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज, साधारण 7 ते 9 टक्के.

हा सगळा हिशेब त्या 20 टक्क्यांवर उभा आहे. दाखल्यावर "उजव्या पायाचे 40 टक्के अपंगत्व" लिहिलेले असते, ते एका अवयवाचे असते. न्यायाधिकरण बघते ते कमाईच्या क्षमतेवर झालेला परिणाम. टेबलावर बसून काम करणाऱ्याला तेच 40 टक्के फार कमी धरले जातील, आणि शिडीवर चढून काम करणाऱ्या रंगाऱ्याला त्याहून जास्तही. म्हणून डॉक्टरांची साक्ष नोंदवणे टाळू नका आणि त्यांच्या तोंडून "याला उकिडवे बसता येत नाही, वजन उचलता येत नाही" हे नोंदवून घ्या. नुसता दाखला दाखल केला आणि डॉक्टर आले नाहीत, तर आकडा निम्म्यावर येऊ शकतो. मेडिक्लेममधून बिल मिळाले असेल तरी ते भरपाईतून वजा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये ठरवले आहे, तेव्हा बिलांच्या प्रती जपून ठेवा.

दावा चालू असतानाच मालकाच्या मालमत्तेचा शोध घ्या. गाव माहीत असेल तर सातबारा आणि 8अ (त्या गावात त्याच्या नावावर असलेल्या सगळ्या जमिनीचा उतारा) ऑनलाइन बघता येतो, शहरात मिळकत पत्रिका, गावात घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधला की अलीकडची खरेदी-विक्री दिसते. तो जमीन विकायला निघाला आहे असे दिसले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38 नियम 5 खाली निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज करा. "तो विकेल अशी भीती वाटते" एवढ्यावर हा अर्ज टिकत नाही. फेरफाराची नोटीस, विक्रीची जाहिरात, झालेले साठेखत असे काहीतरी हातात हवे. अपघातानंतर लगेच बायकोच्या किंवा भावाच्या नावे केलेले बक्षीसपत्र धनकोला फसवण्यासाठी केले म्हणून रद्द करून घेता येते, पण त्याला वेगळा लढा लागतो. म्हणून आधी अडवणे बरे.

निकाल झाला की 30 दिवसांत रक्कम भरायची असते. मालक अपिलात गेला तर कलम 173 खाली त्याला 25,000 रुपये किंवा निकालाच्या रकमेच्या 50 टक्के, यांपैकी कमी असेल तेवढेच भरावे लागतात, म्हणजे बहुधा 25,000च. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगिती लागते. मालक ती मागेल तेव्हा न्यायालयाने त्याला मोठी रक्कम भरण्याची अट घालावी यासाठी तुमच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला हजर असायला हवे.

पैसे भरले नाहीत तर दोन वाटा. एक, कलम 174 खाली न्यायाधिकरणाकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली दाखला घ्यायचा. मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मालकाची शेतजमीन असेल तर ही वाट चांगली. तहसीलदारांमार्फत सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात तुमच्या रकमेचा बोजा चढतो. त्या एका ओळीने बँक पीककर्ज देताना विचारते, खरेदीदार मागे फिरतो, आणि मग पैसे भरण्याची इच्छा आपोआप निर्माण होते. दाखला पाठवून स्वस्थ बसू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला आणि तिथून तलाठ्याकडे कागद पोचला का, हे जावक क्रमांक घेऊन स्वतः बघावे लागते.

दुसरी वाट दरखास्तीची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाची. न्यायाधिकरणाचा निकाल आता दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. आदेश 21 नियम 41 खाली मालकाला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला लावा. टाळले तर 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. बँक खाते, घर, वाहन जप्त करता येते. पगार जप्त करताना पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. पगार 31,000 असेल तर महिना 10,000 हाती लागतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिनेच, म्हणजे 2,40,000 रुपये. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, शेतकऱ्याची अवजारे, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. मोठा दावा फक्त पगारातून फिटणार नाही हे आधीच ओळखून मालमत्ता शोधायची.

लोकअदालतीत हप्त्यांवर तडजोड होत असेल तर मी ती करावी असेच सांगेन, अगदी थोडी रक्कम सोडूनसुद्धा, पण तीन अटींवर: पहिला हप्ता त्याच दिवशी आणि मोठा, बाकीचे पुढच्या तारखांचे चेक, आणि एक हप्ता चुकला तर सोडलेल्या रकमेसह सगळी रक्कम व्याजासकट एकदम देय. चेक न वटल्यास कलम 138 खालच्या फौजदारी खटल्याची भीती असते, आणि दरखास्तीच्या जप्ती वॉरंटपेक्षा लोक तिला जास्त घाबरतात.

शेजारचे दोन-तीन मुद्दे उरले. तुम्ही स्वतःच्या गाडीचे मालक असून चालवत होता आणि लायसन्स चालू होते, तर तुमच्या पॉलिसीतला किंवा वेगळा घेतलेला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बघा. मृत्यू आणि ठरावीक कायम अपंगत्वासाठी तो मिळतो, समोरच्याच्या विम्याशी त्याचा संबंध नाही, पण साधे हाड मोडणे त्यात येत नाही. दुचाकीची दुरुस्ती स्वतःच्या पॉलिसीतून करून घेतली तर तीच रक्कम पुन्हा मालकाकडे मागता येत नाही, कंपनीने न दिलेला भागच मागायचा. मागे बसलेला कोणी जखमी असेल आणि चूक दोन्ही वाहनांची ठरत असेल, तर त्याला पूर्ण भरपाई कोणा एकाकडूनही मागता येते, म्हणजे विमा असलेल्या तुमच्या दुचाकीच्या कंपनीकडूनही. मागच्या सीटवरचा माणूस तुमच्या पॉलिसीत धरला जातो का, हे त्यासाठी आधी बघा, कारण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तो अनेकदा बाहेर राहतो. दावा लावताना दोन्ही वाहनांना पक्षकार करायचे विसरू नका. आणि धडक देणारे वाहन सापडलेच नाही तरच कलम 161 ची हिट अँड रन योजना लागू होते: मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50,000, अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. गाडी माहीत आहे पण विमा नाही, अशांना ती नाही. अपघात नुकताच झाला असेल तर 5 मे 2025 पासूनच्या रोकडरहित उपचार योजनेत नेमलेल्या रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत दीड लाखांचा उपचार होतो, तिथे समोरच्याचा विमा आहे की नाही याने फरक पडत नाही.

मालक आज कफल्लक दिसत असला तरी निकाल घेऊन ठेवा. दरखास्तीला 12 वर्षांची मुदत असते. तेवढ्यात वाटणी होते, वडिलोपार्जित जमीन नावावर येते, आणि मालक वारला तरी त्याच्या वारसांच्या हाती आलेल्या इस्टेटीपुरती वसुली चालू राहते. दर वर्षी एकदा त्याच्या गावचा 8अ काढून बघा.